परत आलेला डबा

कारखाना म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. एका लांबट इमारतीचा वरचा मजला, खाली छापखान्याची खडखड, आणि वर मूठभर माणसं दिवसभर कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय जुळवत बसलेली. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला एक लोखंडी पेटी असते, तिला एक पंखा, एक बटण आणि वायरींचा हा एवढा झुबका. भिंतीतली वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला पचेल अशी करून द्यायची, एवढंच तिचं काम. नीट चालते तोवर ती आहे हे कुणाच्या गावीही नसतं. बंद पडली की मात्र सगळे तिच्या नावाने शंख करतात. कारखान्यात तिला पॉवर सप्लाय असं पूर्ण नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘डबा’ म्हणत.

या डब्यांची शेवटची परीक्षा तापखोलीत व्हायची. मजल्याच्या टोकाला बिनखिडकीची खोली, भिंतीभर फळ्या, फळ्यांवर डब्यांच्या रांगा. प्रत्येक डब्यापुढे तारेचं एकेक वेटोळं जोडलेलं, जे डब्याकडून निघेल तेवढी वीज ओढून घेऊन तापत राहायचं. दार बंद करून, मुद्दाम उकाडा वाढवून डबे पुऱ्या ताणावर चालवायचे. ज्यांना मरायचंय ते इथेच मरायचे, पहिल्या एकदोन दिवसांत. कुणाचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारं नळकांडं, डोक्याकडून फुगायचा. कुणाचा टाका, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, सुटायचा. कुणाच्या पंख्याला घरघर लागायची. जे तगायचे ते मग वर्षानुवर्षं हूं की चूं न करता निघायचे. या खोलीच्या सर्वेसर्वा म्हणजे तापबाई. नाव खोलीवरून पडलं असं त्या स्वतः सांगायच्या. स्वभावावरून पडलं असं बाकीचे सांगायचे.

दोन्ही खरं होतं. टाके घालणाऱ्या सोल्डरवाल्या मावशींचा एखादा टाका कच्चा निघाला तर ते खालच्या छापखान्यातही कळायचं. मालक काकुळतीला येऊन ‘बाई, आज माल जायलाच हवा हो,’ म्हणाले तरी वेळेआधी त्या खोलीतून एक डबा बाहेर पडला नाही. पास झालेल्या डब्याच्या झाकणावरच्या स्क्रूला त्या नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायच्या. पुढे कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो आणि चोरी पकडली जाते. प्रत्येक तपासणाऱ्याचा रंग वेगळा. बाईंचा जांभळा, आणि तोही असा भडक की एरवी त्यांनी नखाला काय, कुंपणालाही लावला नसता. पण बाटली लेकीची होती, ती परदेशी गेली तेव्हा ड्रॉवरमध्ये राहून गेलेली.

परत आलेल्या डब्याचा कारखान्यात एक रिवाज होता. ज्याचा ठिपका त्यानेच तो उघडायचा, मधल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. दोष काय आहे आणि कुणाच्या हातून झालाय, ते तिथल्या तिथे सांगायचं. जांभळ्या ठिपक्याचे डबे सहसा परत येत नसत. आले तर विजेचा लोळ पडलेल्या घरातून यायचे, आणि त्याला बाई तरी काय करणार.

लेकीचं घरातलं नाव चिमटी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून. पुढे आईपेक्षा वीतभर उंच झाली, कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढण्यात तरबेज झाली, तरी नाव तेच राहिलं. बाप ती शाळेत असतानाच गेला. त्यानंतर दोघींनी एकमेकींना वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. नोकरीसाठी ती दूरदेशी निघाली तेव्हा बाईंनी तिला बरोबर एक डबा दिला. इतर आया लेकीला उबदार कपडे देतात, गळ्यातलं काढून देतात. बाईंनी स्वतः निवडलेला, एकेक टाका भिंगाखाली पाहिलेला, तापखोलीत इतरांच्या दुप्पट वेळ तावूनसुलाखून काढलेला डबा दिला. ‘बाकीचा कॉम्प्युटर तिथे घे,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्याच्या पोटात हा घाल. हा तुला दगा देणार नाही.’ चिमटी हसली आणि स्वेटरमध्ये गुंडाळून तो घेऊन गेली.

बाईंना लेकीची आठवण यायची असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. भाजी चिरायला बसल्या की त्या दोघींपुरती चिरायच्या आणि उरलेली दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून खायच्या. बाहेर पडताना ‘दार लाव गं’ असं रिकाम्या घराला सांगून पायऱ्या निम्म्या उतरायच्या, मग स्वतःवरच चरफडत परत चढून कुलूप लावायच्या. चिमटीच्या पलंगावर त्यांनी वाळलेले कपडे ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तो रिकामा दिसू नये. कपड्यांची घडी घालून झाली तरी ते तिथून उचलायला त्यांचं मन होत नसे.

आठवडाभर जीव धरून ठेवायचा तो रविवारसाठी. तेव्हा फोनवर माणसाचा चेहरा दिसत नसे, त्यासाठी कॉम्प्युटरसमोर बसावं लागे. बाई केस विंचरायच्या, खुर्ची पुसायच्या, दिवा तोंडावर येईल असा सरकवायच्या. इकडे सकाळ असायची आणि तिकडे संध्याकाळ. चिमटी दिसली की बाईंना पहिलं वाक्य कधीच सुचत नसे, म्हणून त्या रागावायच्या. ‘केस का नाही बांधलेस? डोळ्याखाली हे काय काळं? जेवलीस का?’ चिमटी सगळ्याची उत्तरं द्यायची. मग ऑफिसातल्या गमती, मावशींच्या गमती, आणि शेवटी बाई विचारायच्याच, ‘कधी येतेस?’

‘बघू.’ ‘हे काम संपू दे.’ ‘पुढच्या वर्षी नक्की.’ उत्तर बदलायचं, पण बाई त्या उत्तरावर पुढचा आठवडा काढायच्या.

आणि मग एका रविवारी बोलता बोलता चित्र गेलं. पडदा कोरा झाला. बाईंनी इकडून माऊस हलवला, वायरी दाबल्या, कॉम्प्युटरला दोन चापट्या मारल्या. काही नाही.

पुढच्या रविवारी चिमटी म्हणाली, ‘अगं, एकदम सगळं बंदच पडलं.’

‘सगळं? पंखासुद्धा?’

‘हो... पंखासुद्धा.’

‘मग डबाच गेला!’ बाई ताडकन म्हणाल्या. ‘कपॅसिटर फुगला असणार. त्या वर्षी कपॅसिटरचा माल हलका आला होता, मी तेव्हाच मालकांच्या कानावर घातलं होतं. तुझा काही दोष नाही बाळा. माझंच लक्ष कमी पडलं.’

चिमटीने पडद्याबाहेर कुठेतरी पाहिलं. मग म्हणाली, ‘असेल.’

त्यानंतर ते होतच राहिलं. एखाद्या रविवारी धड जायचं आणि बाईंच्या जिवात जीव यायचा, की पुढच्या रविवारी पुन्हा पडदा कोरा. बाई दोषाच्या मागे लागल्या. गरम झाल्यावर जातो की थंड असताना? ‘दोन्ही वेळा,’ चिमटी म्हणाली. लगेच चालू होतो की थांबावं लागतं? ‘कधी लगेच, कधी थांबून.’ वास येतो का? ‘येतो थोडा.’

‘कसला? जळक्या रबरासारखा की सडक्या मासळीसारखा?’

‘आई, वास आहे तो! कसला म्हणून काय सांगू?’

बाईंना उत्तरांचा मेळ लागेना. एवढ्या डब्यांच्या मरणाला त्यांनी उशाशी बसून सोबत केली होती, पण असा आजार पाहिला नव्हता. आणि तो निघावा नेमका लेकीच्या डब्यात, ही गोष्ट त्यांना खात होती. कारखान्यात त्या मवाळ झाल्या. मावशींचा कच्चा टाका दिसला तरी नुसता बाजूला ठेवायच्या. ‘आज तापखोली थंड कशी?’ मावशींनी चिडवून पाहिलं, तर बाई म्हणाल्या, ‘दुसऱ्याला बोलायला आपलं तोंड हवं ना.’ मावशींना चिडवण्यात गंमत राहिली नाही.

‘तो डबा काढ आणि पाठवून दे,’ बाईंनी लेकीला फर्मावलं.

‘कशाला गं? इथेच टाकून देते.’

‘टाकून? माझा ठिपका असलेला डबा? तो मीच उघडणार. तुझी ती ऑफिसातली मैत्रीण सुट्टीवर येतेय ना, तिच्याकडे दे. जाताना तिच्याबरोबर नवीन देते.’

चिमटी आढेवेढे घेत राहिली. वजनदार आहे, मैत्रिणीला त्रास, बघू. बाई हटल्या नाहीत. शेवटी चिमटीने पडद्यातून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, ‘बरं. पाठवते.’

मैत्रीण घरी येऊन डबा देऊन गेली. बाईंनी तिला चहा केला आणि ती बसते न बसते तोच विचारलं, ‘कशी आहे आमची?’

‘मजेत आहे काकू. अगदी मजेत.’

‘इकडे यायचं काही म्हणते का? कधी येणार?’

मैत्रिणीने कपात पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि तिला एकाएकी उशीर झाला. निम्मा चहा तसाच राहिला. बाईंना वाटलं, आजकालच्या मुलींना बसायलाच नको.

दुसऱ्या दिवशी मधल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून बाईंनी डबा ठेवला. मजला गोळा झाला. जांभळा ठिपका परत आलाय ही बातमी काही लहान नव्हती. मालक आले, मावशी चष्मा कपाळावर चढवून आल्या. बाईंनी आधी भिंग लावून ठिपका पाहिला. तो शाबूत होता. बारीकशी चीरही नाही. त्यांनी स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि त्या शिंकल्या.

एकदा शिंकल्या, दोनदा शिंकल्या, आणि मग शिंकतच सुटल्या. डोळ्यांतून पाणी, नाक लाल. ‘अगं, डबा आणलास की मिरचीची पूड?’ मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले. बाईंनी रुमाल नाकाला लावून आत पाहिलं. आत धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. ते नवलाचं नाही. डब्याचा पंखा दिवसभर खोलीतली हवा ओढतो आणि हवेबरोबर जे येईल ते पोटात ठेवून घेतो. चिमटीच्या खोलीतली सगळी वर्षं या डब्यातून गेली होती. पंख्याच्या दांड्याला एक लांब काळा केस गुंडाळलेला होता, तिचाच, मध्येच वळण घेणारा. बाईंनी तो सोडवला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बोटाला गुंडाळून घेतला. आणि त्या केसाच्या खाली, कोपऱ्याकोपऱ्यांत, मऊ, आखूड, भुरकट लव साठलेली होती. चांगली मूठभर.

‘मांजर आहे घरात,’ मालक सहज म्हणाले. ‘मांजरवाल्यांचे डबे असेच येतात.’

‘तिच्याकडे मांजर नाहीये,’ बाई म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

शिंकताना त्यांना कळून चुकलं होतं. जगात एकच जनावर त्यांना असं शिंकायला लावायचं. चिमटी लहानपणी मांजरासाठी हटून बसायची. एकदा तर स्वेटरखाली लपवून पिल्लू घेऊन आली होती. बाईंचे डोळे संध्याकाळपर्यंत सुजले आणि पिल्लू होतं तिथे परत गेलं. चिमटी रडली नव्हती. ‘मोठी झाले की पाळीन मी,’ एवढंच म्हणाली होती, ‘माझ्या घरात.’

बाईंनी ब्रशने धूळ काढली आणि कामाला लागल्या. कपॅसिटर एकूणएक सपाट डोक्याचे, कुठे फुगवटा नाही. टाके पक्के. डबा वेटोळ्याला जोडला, बटण दाबलं, पंखा सुरू झाला. मीटरचा काटा जिथे हवा तिथे जाऊन उभा राहिला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं, गरम हवा मारली, वीज कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली. डबा चालतच राहिला.

‘पास आहे की गं!’ मावशी म्हणाल्या. ‘उगीच जीव खाल्लास इतके दिवस.’ मालकांनी पाठ थोपटली. एरवी बाईंनी त्या दिवशी मजला डोक्यावर घेतला असता. पण त्यांचा चेहरा उतरला.

‘अधूनमधून येणारा दोष असेल,’ त्या म्हणाल्या. ‘तो असा हाताला लागत नाही.’ आणि डबा घेऊन तापखोलीत गेल्या.

तिथे त्यांनी त्याला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे उकाडा जास्त. एकाच्या जागी दोन वेटोळी लावली. आजवर या खोलीत त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मेलेला डबा बाहेर काढताना त्यांचा हात जड व्हायचा. आता त्या स्टुलावर बसून एका डब्याने मरावं म्हणून वाट बघत होत्या. मर मेल्या. फुग कुठेतरी. सुटू दे एखादा टाका. तू खराब निघालास तर माझी लेक खरी ठरते, मग मला मावशी काय, सगळं जग हसू दे. दुसऱ्या दिवशीही त्या त्याच्यापाशीच बसल्या. तिसरं वेटोळं लावलं तेव्हा डबा खट् करून बंद झाला आणि बाई उठून उभ्या राहिल्या. पण ताण झेपेनासा झाला की आपणहून बंद व्हायचं, हेच तर त्याला शिकवलेलं. जादाचं वेटोळं काढलं, निवू दिला, तर तो पुन्हा सुरू. पंख्याचा आवाज असा एकसुरी की झोप यावी.

बाईंनी मग तेच केलं जे त्या प्रत्येक अवघड दोषाला करायच्या. गेला तेव्हा नेमकं काय चाललं होतं? त्या एकेक रविवार आठवू लागल्या. एकदा मावशींच्या दाताची गोष्ट सांगून झाली होती आणि त्यांनी विचारलं होतं, कधी येतेस. पडदा कोरा. एकदा चिमटीला नवा पडदा, खिडकीचा, दाखवायचा होता. तो दाखवून झाला, बाईंनी विचारलं, कधी येतेस. कोरा. एका रविवारी मात्र छान तासभर चाललं होतं. त्या दिवशी बाईंचा घसा बसला होता. चिमटीच बोलत राहिली, गरम पाणी पी, मफलर गुंडाळ, आणि त्या नादात विचारायचं राहून गेलं होतं.

मावशी जेवायला बोलवायला आल्या तेव्हा बाई स्टुलावर बसून डोळे पुसत होत्या.

‘अजून शिंका?’

‘डबा चांगला आहे मावशी.’

‘मग रडतेस कशाला?’

‘म्हणूनच.’

मावशींना पुढचं सांगावं लागलं नाही फारसं. त्यांच्याही घरातून मुलं गेलेली होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्या उकाड्यात शेजारी बसल्या. ‘खराब होता म्हणून सांग,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं काय जातं? पोरगी सुटेल, तूही सुटशील.’

‘मी चांगल्या डब्याला कधी खराब म्हटलं नाही.’

‘नसशील म्हटलं. आणि एक सांगू? आई काय काम करते हे तिला ठाऊक नाही होय? तरी पाठवलाच ना तिने तुझ्या हातात.’

रविवारी चिमटी पडद्यावर आधीच येऊन बसली होती. केस बांधलेले. तिने मैत्रिणीचा कुठलासा जुना डबा तात्पुरता बसवला होता.

‘आई, डबा मिळाला?’

‘मिळाला.’

‘उघडलास?’

‘उघडला.’

‘मग?’

बाईंच्या जिभेवर दोन्ही उत्तरं होती, मावशींचं आणि स्वतःचं. त्यांनी दोन्ही गिळली.

‘मांजराचं नाव काय?’ त्यांनी विचारलं.

चिमटी इतकी स्तब्ध झाली की चित्र अडकलं असंच वाटावं. मग तिचे डोळे भरून आले. ‘डबा घेऊन आली तिने सांगितलं तुला?’

‘कुणी नाही सांगितलं. डबा उघडला आणि भर मजल्यावर शिंकत सुटले.’

चिमटीला हसू आलं, आणि हसताना रडू आलं, आणि दोन्ही आवरता आवरेना. ‘भुरी,’ ती म्हणाली. ‘पहिल्याच हिवाळ्यात आली. दारात बसून राहिली, मग मी आत घेतलं.’

म्हणजे पहिल्या हिवाळ्यापासूनच, बाईंच्या मनात आलं. परत यायच्या बेतात असलेली मुलगी दारातलं मांजर आत घेत नाही. त्या सगळ्या ‘बघू’वर आपण एकेक आठवडा काढला, आणि त्या प्रत्येक आठवड्यात भुरी तिच्या पायाशी झोपत होती.

‘पहिल्या वेळी खरंच लाइट गेली होती, आई. शपथ. तूच म्हणालीस डबा गेला म्हणून. मग मला ते सोपं झालं. तू विचारायचीस, कधी येतेस. हो म्हणवत नव्हतं, नाही म्हणायची हिंमत नव्हती. हात मागे नेला की बटण. दाबून टाकायचे.’

‘यायचं नाहीये तुला.’

‘राहायला नाही, आई. भेटायला येईन. पण माझं घर आता हे झालंय.’

हे ऐकलं की आपण मोडून पडू असं बाई कित्येक वर्षं धरून चालल्या होत्या. दुखलं, खूप दुखलं. पण त्या खुर्चीतच होत्या आणि समोर चिमटी होती, नाक पुसत असलेली. ती आता बंद करेल, या एकाच गोष्टीची त्यांना धास्ती वाटली.

‘बंद नको करू,’ त्या घाईने म्हणाल्या. ‘बोलू नको हवं तर. तुझं काय काम असेल ते कर. नुसतं चालू ठेव.’

चिमटीने मान हलवली आणि उठली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली, तिच्यामागे भिंत, एक दिवा, अर्धं उघडं दार. बाईंनी आजवर त्या घराचा चेहराच पाहिला नव्हता, चिमटीचा चेहरा मधे असायचा. आता त्यांना नळाचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आला. सुरी पाटावर टकटक वाजू लागली, बाईंचीच लय, शेवटी जरा जोरात. कुणाशी तरी चिमटी लाडाने बोलली आणि एक भुरकट मांजर खुर्चीवर चढून कॅमेऱ्याकडे रोखून बघत बसलं. बाईंचं नाक हुळहुळलं, कारण नसताना. त्याही उठल्या, आपली भाजी आणून कॉम्प्युटरसमोर चिरत बसल्या. इकडचा दिवस आणि तिकडची रात्र, दोन सुऱ्या चालू होत्या. किती दिवसांनी त्यांना घरात कुणीतरी आहे असं वाटलं.

चिमटी हात पुसत परत आली, मांजर उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘आई, तूच ये ना इकडे.’

‘मी?’

‘हो. कधी येतेस?’

‘वेडी का काय तू! तापखोली कोण बघणार?’

‘मावशी बघतील. तू जन्मात सुट्टी घेतली नाहीस.’

‘आणि घर?’

‘कुलूप लाव.’

‘ते जनावर बघ मांडीवर. शिंकून शिंकून जीव जाईल माझा.’

‘त्याला गोळी मिळते आई. कधी येतेस ते सांग.’

‘बघू,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात कॉम्प्युटरच्या मागे गेला. बोट बटणाला लागलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आपण हात नेलाच नव्हता, तो आपोआप गेला होता. एवढं जवळ असतं तर ते बटण, एवढं हाताशी. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

‘मला भीती वाटते गं,’ त्या म्हणाल्या.

‘कशाची? विमानाची?’

‘नाही. तिथे माझ्यावाचून तुझं सगळं नीट चाललेलं बघायची.’

चिमटीने मांजर खाली सोडलं. तिने खुर्ची पुढे ओढली. बाईही सरकून जवळ बसल्या. कितीतरी वेळ दोघी रडत होत्या, आणि बंद कुणीच केलं नाही.